तुघलकाची नाणी

दिवाळीची झाडलोट सुरू झाली की आमच्या घरात माझ्या टेबलाच्या डाव्या खणावर धाड पडते. हा खण म्हणजे माझे संस्थान. पण धनत्रयोदशीच्या आधीचे दोनतीन दिवस ते खालसा होते. यंदाही पत्नीने खणातला बिस्किटांचा जुना डबा बाहेर काढला, झाकण उघडले आणि आतली कार्डे पत्त्यांसारखी जमिनीवर मांडली.

"अहो, हे काय आहे? ठेवायचं की टाकायचं?"

ती विमान कंपन्यांची कार्डे होती. कुणी निळे, कुणी सोनेरी. प्रत्येकावर माझे नाव उठावदार अक्षरांत. पाहणाऱ्याला वाटावे की हा गृहस्थ निम्मे आयुष्य ढगांत राहिला असेल. वस्तुस्थिती अशी की मी वाळूजच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात नोकरी केली आणि त्या निमित्ताने वर्षाकाठी चारपाच वेळा दिल्ली-मुंबई व दोनतीनदा परदेश केला. पण माणसाला कार्डाचा मोह असतो. लग्नात मिळालेला चांदीचा पेला जसा वापरला जात नाही आणि मोडलाही जात नाही, तशी ही कार्डे.

या प्रकाराची कल्पना साधी आहे. किराणा दुकानदार जुन्या गिऱ्हाइकाला मूठभर शेंगदाणे वर टाकतो, तसेच विमान कंपनी आपल्या नेहमीच्या प्रवाशाच्या खाती काही गुण टाकते. पुरेसे साठले की एखादे तिकीट फुकट. अमेरिकन एअरलाइन्सने 1981 च्या मे महिन्यात अशी योजना काढली आणि पाहता पाहता साऱ्या जगाने ती उचलली. तिला 'निष्ठा' असे भारदस्त नाव आहे. शेंगदाण्यांना निष्ठा म्हणायचे धाडस व्यापाऱ्यालाच होते.

माझी पहिली निष्ठा चुकीच्या ठिकाणी जडली. एका परदेशी कंपनीचे माहितीपत्रक माझ्या हाती आले. गुळगुळीत कागद, समुद्राची चित्रे, आणि इतके गुण झाले तर अमुक देश, तितके झाले तर तमुक. मी भाळलो. त्या कंपनीचे विमान चिकलठाण्याला कधी उतरले नव्हते, उतरण्याचा संभवही नव्हता. पण परदेशी जायचे झाले की मी त्याच कंपनीसाठी हट्ट धरायचा, रात्रीच्या बसने मुंबई गाठायची, पहाटे दादरला तारवटलेल्या डोळ्यांनी उतरायचे आणि दिवसभर कुणाच्या तरी घरी ताटकळून मध्यरात्री विमानतळावर जायचे. एवढे करून गुण साठले ते एका तिकिटाच्या निम्मे. पुढचा प्रवास लांबला आणि एके दिवशी पत्र आले की आपल्या गुणांची मुदत संपली आहे. एका ओळीत माझी सगळी निष्ठा निकालात निघाली!

त्या आठवड्यात पाहुण्यांना घेऊन वेरूळला निघालो होतो. वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. त्याच्याकडे पाहताना मला एकाएकी वाटले, की विमान कंपन्यांच्या या सगळ्या उद्योगाचा मूळ पुरुष इथलाच. महंमद तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीची राजधानी हलवून देवगिरीला आणली. राज्याच्या मधोमध एक ठाणे असावे, तिथून सगळीकडे जाता यावे, हा विचार कागदावर बिनचूक होता. आजच्या कंपन्याही असेच मधले ठाणे निवडतात आणि सगळी विमाने तिथून फिरवतात. पण माणसे जिथे नांदत होती तिथून ती उठायला तयार नव्हती, हे सुलतानाला कळले नाही. त्यानेच पुढे चांदीच्या नाण्याच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी चालवली. नाण्याला मोल का, तर सुलतान म्हणतो म्हणून! आमचे गुण तरी निराळे काय आहेत? ते छापणारी कंपनी, त्यांचा भाव ठरवणारी कंपनी आणि उद्या तो उतरवणारीही तीच. तुघलकाने निदान फजिती झाल्यावर ती नाणी परत घेऊन खजिन्यातून चांदी मोजली, असे इतिहास सांगतो.

तेव्हापासून मी माहितीपत्रक वाचायचे सोडले आणि चिकलठाण्याचा फलक वाचू लागलो. विमान कंपनी निवडताना प्रथम पाहायचे ते हेच, की आपल्या गावाहून कोणाचे विमान उठते, आठवड्यातून किती वेळा, आणि कोणत्या दिशेला. मुंबई-दिल्लीच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. त्याच्यापुढे पंचपक्वान्नांचे ताट असते. आमच्यासारख्या गावाला वाढतील ते जेवावे लागते, आणि वाढपी अधूनमधून उठून जातो. जेट एअरवेज 1993 मध्ये सुरू झाली; आमच्याकडच्या किती तरी लोकांनी पहिला विमानप्रवास तिच्या विमानातून केला. 2019 च्या एप्रिलमध्ये तिची विमाने थांबली आणि आमचा विमानतळ लग्न लागून गेलेल्या मांडवासारखा ओकाबोका झाला. तिच्या गुणांच्या योजनेने त्याच वर्षी नाव बदलले. पण ज्या विमानासाठी गुण जमवले ते विमानच नव्हते. ट्रूजेट 2015 पासून हैदराबादला नेत असे, तीही 2022 मध्ये मिटली. मधल्या काळात, 2020 मध्ये, इंडिगो आली. विस्तारा 2024 च्या नोव्हेंबरात एअर इंडियात विलीन झाली आणि एअर इंडियाच्या जुन्या योजनेचे नाव 'महाराजा क्लब' झाले. इंडिगोनेही त्याच वर्षी आपली 'ब्लूचिप' योजना काढली. इतकी नावे बदलली, की स्वतःच्या गावाच्या नावाबद्दल वाद घालणाऱ्या आम्हा लोकांनाही दम लागावा! तिकिटावर मात्र आमची तीन रोमन अक्षरे तशीच आहेत: आय, एक्स, यू. त्यांत औरंगाबादही नाही आणि संभाजीनगरही नाही.

दुसरी गोष्ट हिशेबाची. चिकलठाणा ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे 280 किलोमीटर, म्हणजे पावणेदोनशे मैल. जोवर गुण मैलांवर मिळत, तोवर आमच्या पदरी चिमूटभरच पडायचे. तिकिटाला पैसे मात्र मूठभर. एअर इंडियाने 2024 मध्ये गुण रुपयांवर मोजायला सुरुवात केली. आखूड पण महाग प्रवास करणाऱ्या गावांना हा बदल मानवणारा आहे.

मित्रमंडळींत आता या विषयाचा जाणकार म्हणून माझे नाव झाले आहे, तेव्हा फुकटचा सल्ला देऊन टाकतो. जो कामासाठी सतत हैदराबाद-बंगळूरला जातो, त्याने ज्या कंपनीची विमाने तिकडे जास्त, तिचेच खाते उघडावे. उगाच दुसरीकडे पाहू नये. ज्याची मुलेबाळे परदेशी आहेत त्याने पाहावे, की गावातून उठणारी कंपनी कोणत्या मोठ्या आघाडीत आहे. एअर इंडिया 2014 पासून स्टार अलायन्समध्ये आहे. त्यामुळे लुफ्थान्सा किंवा सिंगापूर एअरलाइन्सने केलेला प्रवासही तिच्या खाती जमा करता येतो. आणि जो वर्षातून एकदा मुंबईला जातो, त्याने कसलेच कार्ड घेऊ नये. त्याच्यासाठी देवगिरी एक्स्प्रेस आहे, वंदे भारत आहे, आणि 2025 च्या जूनपासून थेट मुंबईच्या वेशीपर्यंत पोचलेला समृद्धी महामार्गही आहे.

इतके शहाणपण सांगणाऱ्या माझ्या घरात मात्र एक अडचण होती. पत्नी विमानात बसत नसे.

आमच्या पिढीतल्या गावकऱ्यांना त्याचे कारण विचारावे लागत नाही. 26 एप्रिल 1993 रोजी चिकलठाण्याहून उठलेले इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकले. विमानात 118 माणसे होती, 55 गेली. त्या दुपारची धावपळ तिने पाहिली होती. पुढची तीस वर्षे आम्ही सगळीकडे आगगाडीने गेलो, आणि माझ्या कार्डांकडे ती थोड्या रागानेच पाहत असे.

मग मुलगी जर्मनीत गेली, फ्रँकफुर्टपासून तासाभरावर स्थिरावली, आणि 2024 च्या उन्हाळ्यात तिचे दिवस भरत आले. जर्मनीला आगगाडी जात नाही. पत्नी दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "येईन मी. पण रात्रभर बसमध्ये बसून मुंबई नको. माझे गुडघे ऐकायचे नाहीत. इथूनच निघायचं, आणि तुम्ही शेजारी पाहिजे."

दोन तिकिटांचा भाव पाहून मी गप्प झालो. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, आईचं तिकीट माझ्या गुणांतून काढते. कराचे पैसे तेवढे भरावे लागतील. चिकलठाणा ते दिल्ली आणि पुढे फ्रँकफुर्ट, सगळं एकाच तिकिटावर. पेट्या तिथे दिल्या की इथेच मिळतील. आणि मधलं विमान चुकलं तर पुढची सोय कंपनीनं करायची, तुम्ही धावायचं नाही."

"पण तुझ्याकडे एअर इंडियाचे गुण कसे?" मी विचारले. "तुझ्या गावची कंपनी लुफ्थान्सा. जग तिथे येऊन विमान बदलतं!"

"त्यांच्या विमानानं गेले तरी गुण इकडेच टाकते ना," ती म्हणाली. "खातं उघडताना पहिलाच प्रश्न होता की तुमचा घरचा विमानतळ कोणता. मी औरंगाबाद लिहिलं. दुसरं काही सुचलंच नाही."

मला त्यावर बोलता आले नाही. वीस वर्षे मी कार्डे जमवली, ती आपल्याला कुठे दूर जाता येईल हे पाहून. पोरीने एकच खाते ठेवले, ते परत कुठे यायचे हे पाहून.

आम्ही निघालो. विमान धावू लागताच पत्नीने डोळे मिटून माझे मनगट धरले. चाके उचलली गेली. खाली काय आहे ते मी पाहत होतो.

"रस्ता गेला का?" तिने विचारले.

"गेला," मी म्हणालो.

तरी तिने मनगट सोडले नाही. पण डोळे उघडले, आणि खिडकीतून बराच वेळ खाली पाहत राहिली. महिन्याभराने आम्हाला नात झाली.

परवा डब्यातली कार्डे जमिनीवर मांडून ती उत्तराची वाट पाहत होती, तेव्हा हे सगळे मला आठवले. "टाकून दे," मी म्हणालो. माझ्या संस्थानच्या इतिहासात असा उदारपणा प्रथमच घडत होता. तिने संशयाने माझ्याकडे पाहिले, कार्डे रद्दीत टाकली आणि डबा घासायला घेतला.

तो डबा आता चकल्यांनी भरला आहे. मुलगी, जावई आणि नात पाडव्याला येत आहेत. दिल्लीहून येणारे विमान, उतरायचे ठिकाण चिकलठाणा. चकल्यांना हात लावायची मला तोपर्यंत मनाई आहे.