आसूदच्या उतारावरचा हिशेब

गणपती नुकतेच झाले होते. दापोलीहून मुरुडला येताना आसूदच्या उतारावर पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर घट्ट लागला, पण मोटरसायकल हवी तशी आवरेना. मागे बायको बसलेली. घरी पोचेपर्यंत माझ्या पोटात गोळा होता.

त्या रात्री पडवीत वही घेऊन बसलो. महर्षी कर्वे आमच्या याच मुरुडात वाढले आणि १८९१ पासून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. लहानपणापासून हे ऐकलेलं, त्यामुळे आकड्यांचं भय कधी वाटलं नाही. बोटांचा जोर १० किलो धरला. लिव्हर तो सहापट करतो, म्हणजे ६०. मास्टर सिलिंडरचा व्यास १२ मिलिमीटर, क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. ऑइलचा दाब चौरस सेंटिमीटरला ५३ किलो. तोच दाब कॅलिपरमधल्या २५ मिलिमीटरच्या दोन पिस्टनांवर. दोघांचं मिळून क्षेत्रफळ ९.८२. गुणाकार आला ५२० किलो! पास्कलचा नियम शाळेत पाठ केलेला, कळला तो त्या रात्री.

डिस्कला दोन्हीकडून पॅड, म्हणून मी दुप्पट करून १०४० लिहिले.

सकाळी दापोलीच्या मेस्त्रींनी वही पाहिली आणि मान हलवली. “पिस्टन एकाच बाजूला आहेत ना? ते आतलं पॅड ढकलतात. उलट जोरानं कॅलिपर सरकतो नि बाहेरचं पॅड ओढून आणतो. चिमटीत धरताना अंगठ्याचा जोर वेगळा मिळवतो का रे आपण?”

पकड ५२०च. दुप्पट होतं ते घर्षण, कारण डिस्क दोन्ही अंगांनी घासते. घर्षणांक ०.४ धरला तर ४१६ किलो. पण ते डिस्कवर, मध्यापासून ११ सेंटिमीटरवर. ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या चाकाखाली रस्त्यावर उरतात १५० च्या आसपास. हिशेबानं ब्रेक पुरेसा होता.

मेस्त्रींनी कॅलिपर उतरवला. आतलं पॅड झिजून १.२ मिलिमीटर, बाहेरचं ३.८. पावसाळाभर गाडी समुद्राकडच्या अंगणात उभी. खाऱ्या हवेनं सरकपिना गंजून जाम झाल्या होत्या. कॅलिपर सरकतच नव्हता. माझ्या कागदावरची पकड बाहेरच्या पॅडपर्यंत पोचत नव्हती.

पिना घासून, ब्रेकचं ग्रीस लावून, दोन्ही पॅड नवी बसवली. आता दर महिन्याला व्हर्नियर लावतो. परवा आतलं ४.१ भरलं, बाहेरचं ४.०.