ओंजळ आणि तोटी

आपल्या मेसबाहेरच्या वॉटर कूलरला चार तोट्या आहेत. क्रॉस-कंट्रीहून परत आलो की चारही तोट्यांपुढे रांगा लागतात. त्यात आधी ज्युनियर आणि मग सिनियर, हा क्रम कुठेही लिहिलेला नाही. पहिल्या वर्षी उस्तादांनी एकदाच सांगितले होते की, ज्याच्या हाताखाली माणसे आहेत त्याने पाणी शेवटी प्यायचे. रांगेत पुढे हरियाणाचा, मागे केरळचा, मध्ये मी कोकणातला. तोटी दाबायची, बाटली भरायची, बाजूला व्हायचे. या सहा वर्षांत त्या रांगेत मला कोणी विचारले नाही की तू कोणाचा, कुठल्या आळीतला.

एवढ्या साध्या गोष्टीवर लेख लिहावा असे मला एरवी वाटले नसते. पण गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आजोबांच्या ट्रंकेत पणजोबांची फौजी बाटली निघाली. पत्र्याची, वरून निळसर मुलामा, त्यावर खाकी नमद्याचे जाकीट आणि दोरीला बांधलेले बूच. जाकिटाला दोन ठिकाणी कसर लागली आहे. मी विचारले, "आजोबा, बाटलीला गरम कपडा कशाला?" आजोबा म्हणाले, "गरम नाही रे, गारव्यासाठी. तो ओला करून ठेवायचा."

फिजिक्सच्या तासाला शिकलेले तेव्हा डोक्यात नीट बसले. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. एक लिटरमधले १० ग्रॅम पाणी उडाले, तर हिशेबाने उरलेले पाणी पाच-सहा अंशांनी थंड होते. माठ हेच करतो. पूर्वी फौजी गाड्यांच्या पुढे लटकलेली कॅनव्हासची छागल हेच करायची. इथे राजस्थानात हवा कोरडी, म्हणून माठातले पाणी दाताला लागते. आमच्या कोकणात हवेतच इतके पाणी की माठ बिचारा आळशी होतो.

पणजोबा १९४२ साली भरती झाले. महार रेजिमेंट त्याच्या आदल्या वर्षी, १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली होती. त्याआधी जवळजवळ ५० वर्षे, पहिल्या महायुद्धातली थोडी वर्षे सोडली, तर आमच्या लोकांना फौजेचे दार बंद होते. पणजोबा सरहद्दीवर होते. तिथे खेचरांच्या पाठीवर पखाली यायच्या आणि प्रत्येकाला मोजून पाणी मिळायचे. बाटली रिकामी झाली की शेजारच्याची. आजोबा सांगतात, त्यांच्या वडिलांना लढाईच्या गोष्टी सांगायला फारसे आवडत नसे, पण एका मराठा नाईकाने स्वतःच्या बाटलीतले शेवटचे दोन घोट त्यांना दिले, ही गोष्ट ते पुनःपुन्हा सांगत.

मग ते रजेवर गावी आले. अंगावर गणवेश होता. एसटी तेव्हा नव्हती, बंदरापासून चालत आले, तहान लागलेली. गावाच्या विहिरीवर मात्र नियम जुनाच होता. लांब उभे राहायचे, भांडे खाली ठेवायचे आणि कोणाला दया येईल तेव्हा त्याने वरून पाणी ओतायचे. पणजोबांनी भांडे खाली ठेवले नाही. ती बाटली कमरेला तशीच रिकामी ठेवून ते वाडीत गेले आणि खाडीच्या वाटेवरच्या डबक्यातले गाळलेले पाणी प्यायले.

हे लिहू का, असे मी विचारले तेव्हा आजोबा आधी नको म्हणाले. "फौजेतल्या पोरांना कशाला सांगायचं हे?" दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "लिही. पण गावाचं नाव नको घालूस. आता तिथं तेच लोक नाहीत." म्हणून गावाचे नाव इथे नाही.

शाळेत परत आल्यावर ग्रंथालयात बसून मी पाण्याविषयी मिळेल ते वाचले. पहिली गंमत अशी की, पाणी देणारे यंत्र हे काही आजचे नाही. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळातल्या तीर्थासाठी एक यंत्र वर्णन करून ठेवले आहे. वरून नाणे टाकले की ते एका दांडीच्या टोकावर पडते, दांडी कलते, झडप उघडते आणि पाणी येते. नाणे घसरून पडले की झडप बंद. माणसाने मागायचे नाही, माणसाने द्यायचे नाही. अर्थात नाणे हवे.

लंडनमध्ये १८५४ साली ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती पटकीने सहाशेवर माणसे मेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी कोण कुठले पाणी पीत होते हे दारोदार विचारून ठरवले की दोष त्या पंपात आहे, आणि पंपाचा दांडा काढायला लावला. पाच वर्षांनी, १८५९ साली, त्याच शहरात स्नो हिल भागात चर्चच्या कुंपणाला पहिली सार्वजनिक फुकट पाणपोई बसली. साखळीला बांधलेला पेला आणि वाहते पाणी. पुढे कळले की सगळ्यांच्या ओठांना लागणारा तो पेलाच रोग वाटतो. अमेरिकेत कॅन्सस राज्याने १९०९ साली असा सामायिक पेला बंद केला. त्याच काळात कागदी पेले आले आणि खालून वर उडणारी पाण्याची धार आली, जिच्यावर तोंड वाकवून प्यायचे. हॅल्सी टेलर या माणसाचे वडील दूषित पाण्यामुळे विषमज्वराने गेले होते. त्याने अशी कारंजी बनवण्यात पुढचे आयुष्य घालवले.

पण त्याच अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांत ही कारंजी जोडीने बसत. एकावर गोऱ्यांसाठी असे लिहिलेले, दुसऱ्यावर काळ्यांसाठी. बऱ्याच ठिकाणी एकाच नळातून फुटलेल्या दोन शाखा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापर्यंत हे चालले. जंतूंसाठी पेला बदलायला त्या लोकांना थोडी वर्षे लागली. पाटी काढायला मात्र पिढ्या लागल्या.

आपल्याकडे पाणी पाजणे हे पुण्य. इथल्या गावांत उन्हाळ्यात प्याऊ लागतात, आपण त्याला पाणपोई म्हणतो. मुंबईला १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने आले आणि त्यानंतर व्यापारी मंडळींनी शहरभर दगडी प्याव बांधले. भात बाजारातला केशवजी नाईक यांचा १८७६ चा आहे. फोर्टमधला रतनशी मुळजी यांचा १८९४ चा, तो त्यांनी लहान वयात गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी बांधला. अशा कित्येक प्यावांना खाली गुराढोरांसाठी हौद असे. बैलगाडीचा बैल तिथे थेट तोंड घालून प्यायचा. हे वाचले तेव्हा मला पणजोबा आठवले. बैलाला मुभा होती.

रेल्वे स्टेशनांवर स्वातंत्र्यापूर्वी हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी असे दोन वेगळे पाणीवाले फिरत. चहाचेही तसेच. १९४६ साली आझाद हिंद सेनेचे कैदी दिल्लीत अटकेत होते, तेव्हा त्यांनाही सरकार हिंदू चहा आणि मुसलमान चहा वेगळा देई. महात्मा गांधी भेटायला गेले तेव्हा त्या जवानांनी सांगितले की आम्ही दोन्ही चहा एकत्र करतो आणि मग वाटून घेतो. या शाळेत शिकणाऱ्या मुलांना ही गोष्ट पानिपतच्या सनावळीइतकीच पाठ असावी असे मला वाटते.

आता महाडविषयी. आमच्या गावाहून महाड फार लांब नाही. चवदार तळ्यावर मी आजोबांबरोबर दोनदा गेलो आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर महूच्या छावणीत जन्मले, कारण त्यांचे वडील, सुभेदार रामजी, तिथल्या लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणजे आपल्यासारख्याच एका शाळेच्या मास्तरांचा मुलगा. छावणी सोडून सातारच्या शाळेत गेल्यावर त्या मुलाला कळले की, नळ समोर असला तरी तोटीला त्याने हात लावायचा नाही. शिपाई असला तर तो तोटी सोडणार. शिपाई नसला तर त्या दिवशी पाणी नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९०१ साली वडिलांना भेटायला निघालेली ही पोरे मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीने गेली, सोबत शिदोरी होती, पण वाटेत कोणी पाणी देईना म्हणून रात्रभर उपाशी राहिली. भाकरी पाण्याशिवाय गिळत नाही, हे आपल्याला कॅम्पवर एकदा तरी कळलेले आहे.

सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळे खुले असल्याचे ठरवलेही. कागदावर सगळे झाले, तळ्यावर काहीच झाले नाही. मग २० मार्च १९२७ रोजी परिषदेला आलेले हजारो लोक शिस्तीत, रांगेने बाजारपेठेतून तळ्याकडे चालत गेले. त्यात पेन्शनीत निघालेले जुने सैनिकही होते. महाड भागात असे खूप. त्यांच्या आधीच्या पिढीतले गोपाळबाबा वलंगकर, फौजेतून निवृत्त होऊन जवळच्या रावढळला राहिले आणि 'विटाळ विध्वंसन' लिहून प्रश्न विचारत राहिले. तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, मग बाकीच्यांनी. भांडे नाही, वरून ओतणारा कोणी नाही.

परत मांडवात जेवायला बसलेल्यांवर लाठ्या घेऊन लोक चालून आले. नंतर शेण, गोमूत्र घालून तळे शुद्ध करून घेण्यात आले. प्रकरण कोर्टात गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी आला. दहा वर्षे, एका ओंजळीसाठी. पणजोबा त्यानंतर पाच वर्षांनी भरती झाले आणि तरीही त्यांच्या विहिरीवर काही बदलले नव्हते. निकाल महाडच्या तळ्याचा होता. पुढे १९५० साली राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट असे शब्द नावानिशी आले. देशाच्या घटनेत विहीर लिहावी लागली, यावर मी बराच वेळ थांबलो होतो.

माझा रूममेट पंजाबचा आहे. त्याला मी बाटलीची गोष्ट सांगितली. तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मग त्यांनी पुढे केलं काय?" हा खरा फौजी प्रश्न.

पुढे त्यांनी हे केले. फौजेतून सुटल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी आमच्या वाडीत विहीर खणायला घेतली. जांभा दगड, पहारीने फुटतो पण हात सोलून काढतो. दोन उन्हाळे खणले. पहिल्या वर्षी कोरडी. दुसऱ्या वर्षी ३० फुटांच्या खाली झरा लागला. घटना आली, कायदा आला, गावची विहीर सर्वांना खुली झाली, पण पणजोबा पुन्हा तिथे गेले नाहीत. मी आजोबांना विचारले, राग होता का? आजोबा म्हणाले, "राग कसला, घरची विहीर होती ना."

कोकणात पावसाळ्यात नको इतके पाणी आणि मे महिन्यात हंडाभर नाही, हे बाहेरच्या मित्रांना पटत नाही. जांभा पाणी धरून ठेवत नाही. गावात नळयोजना आली, पण एप्रिल संपता संपता नळ सुस्कारे टाकू लागतो. गावची जुनी विहीरही त्याच सुमारास तळ दाखवते. आमची दाखवत नाही. त्यामुळे गेली काही वर्षे मे महिन्यात वरच्या आळीच्या बायका हंडे घेऊन आमच्या वाडीत येतात. पहाटे पाचलाच रहाट कुरकुरायला लागतो आणि माझी झोप मोडते.

आजोबा मार्चअखेरीस बाजारातून नवा दोर आणतात. जुना दोर हाताला टोचतो म्हणून. दोराचे पैसे ते कोणाकडून घेत नाहीत. विहिरीवर पाटी नाही. पोहरा काठावर पालथा घातलेला असतो, ज्याला हवा त्याने उचलावा. गेल्या वर्षी एका सकाळी तिथे जुन्या पोहऱ्याशेजारी दुसरा, कोरा करकरीत पोहरा ठेवलेला होता. कोणी ठेवला, ते आजोबांनी विचारले नाही. दोन्ही वापरात आहेत.