कोंडिविटे गाव आणि आमची बंद घरे

अंधेरी पूर्वेला ज्यांना सगळे महाकाली गुंफा म्हणतात, त्यांचेच दुसरे नाव कोंडिविटे लेणी. कोंडिविटे हे तिथल्या गावाचे नाव. आज ते रस्त्याच्या पाटीवर आणि लोकांच्या पत्त्यांत तेवढे उरले आहे. मेट्रोच्या सीप्झ स्थानकावर रोज सकाळी नोकरदारांची झुंबड उडते. आपण एका उठून गेलेल्या गावाच्या जमिनीवर कामाला जातो, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

लेण्यांत आम्ही शाळेच्या मुलांना घेऊन गेलो होतो. एकूण १९ लेणी, सगळी एकाच टेकडीच्या खडकात कोरलेली. बौद्ध भिक्षूंची ही वस्ती काही शतके नांदती होती. राहायच्या खोल्या, बसायचे ओटे, पाण्याची टाकी, सगळे शिस्तीत. मुलांनी धावपळ केली, फोटो काढले, आणि मग आठवीतल्या एका मुलाने विचारले, "मग हे लोक गेले कुठे?" इतिहासाच्या तासाला असा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे राजे येतात आणि राजे जातात. लोक कुठे जातात हे पुस्तकात नसते.

याच कोंडिविट्याची दुसरी वस्ती आम्हाला मरोळ गावठाणात राहणाऱ्या एका सहकारी शिक्षकांनी दाखवली. ते ईस्ट इंडियन ख्रिस्ती. घरची भाषा मराठी, आमच्या कोकणी मुसलमानांसारखीच स्वतःच्या वळणाची. सीप्झच्या कुंपणाच्या आत सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्चचे अवशेष उभे आहेत. पोर्तुगीज जेझुइटांनी १५७९ मध्ये बांधलेले हे चर्च. १८४० मध्ये गावात साथ आली, माणसे मेली, आणि उरलेले गाव उठून जवळच मरोळला गेले. जाताना चर्चमधल्या वेद्या आणि मूर्ती सोबत नेल्या. पुढे १९७३ मध्ये तिथे निर्यातीसाठीचा औद्योगिक विभाग झाला आणि पडके चर्च कारखान्यांच्या मधोमध सापडले. एरवी आत जायला परवाना लागतो. पण मे महिन्यातल्या एका रविवारी मरोळची मंडळी तिथे जमतात आणि मिस्सा होते.

आम्ही त्या दिवशी गेलो होतो. वर छप्पर नाही, भिंतींतून झाडे उगवलेली, कमानींमधून आकाश दिसते. म्हाताऱ्या बायका ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. १८४० चे कोणीच आज हयात नाही, त्यांचे नातूही नाहीत. तरी ही माणसे "आमचे गाव" म्हणत होती. सहकाऱ्यांना आम्ही म्हटले, "तुमचे गाव मेले, पण तुम्ही राहिलात." ते म्हणाले, "कारण आम्ही सगळे एकाच दिशेला गेलो."

हे वाक्य आम्हाला आमच्या गावापर्यंत घेऊन गेले. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. नाव लिहीत नाही. वाचकांपैकी कितीतरी जण तिथे आपल्याच गावाचे नाव घालतील. आमच्याकडे साथ आली नाही, धरणाचे पाणी आले नाही, दंगल झाली नाही. आमच्याकडे मनीऑर्डर आली. आजोबा आगबोटीवर खलाशी होते. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने दाभोळला उतरायचे आणि सुट्टी संपली की परत जायचे. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामे निघाली आणि अब्बा कुवेतला गेले. कोणाचे चुलते त्याच्याही आधी दक्षिण आफ्रिकेत केप टाउनला स्थायिक झालेले. पुरुष एकेकटे गेले, मग मुलांच्या शिक्षणासाठी बायका मुंबईला आल्या. काही घरे जोगेश्वरीत, काही कुर्ल्यात. १९९२-९३ च्या दंगलीनंतर त्यांतली बरीच मुंब्र्याला आणि मीरा रोडला हलली. एकाच मोहल्ल्यातली माणसे आज लग्नाच्या हॉलमध्ये भेटतात आणि मुलांना सांगावे लागते की हे तुझे कोण.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा दहा वर्षांत ८० हजारांहून अधिक माणसांनी घटला. शेजारचा सिंधुदुर्गही घटला. त्याच काळात मुंबई उपनगर जिल्हा ८६ लाखांवरून ९३ लाखांच्या पुढे गेला. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा पाहून कोणी जिल्ह्याचे कौतुक करील, पण त्याचा मोठा भाग म्हणजे घरी नसलेले पुरुष आहेत. आणि हे एकट्या मुसलमानांचे नाही. शेजारच्या वाडीतल्या कुणबी घरांनाही गणपती आणि शिमगा सोडला तर कुलूपच असते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा आता माणसे परत येतील असे सगळे म्हणत होते. रेल्वे दोन्ही दिशांनी धावते, हे तेव्हा कोणी लक्षात घेतले नाही.

आमच्या मोहल्ल्यात चाळीसेक घरे आहेत. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या बारा घरांत चूल पेटत होती. गंमत अशी की घरे पूर्वीपेक्षा मोठी आहेत. आखाताच्या पैशाने चिऱ्याच्या भिंतींना गिलावा झाला, दारात ग्रॅनाइट आले. मशीदही नवी झाली, संगमरवराची. ईदला ती भरून अंगणात सफा लागतात. फजरला मात्र बिहारहून आलेले इमामसाहेब आणि मागे चार वृद्ध. आमच्या फुफू गेल्या त्या ऐन आषाढात. गुडघाभर पाण्याची वाट, कब्रस्तान टेकाडावर, आणि जनाजा उचलायला खांदे पुरेनात. पलीकडच्या गावातून माणसे आली आणि वाडीतली चार कुणबी पोरेही आली. मुंबईकर भाच्यांना बातमी मोबाइलवर मिळाली. ते निघाले, पण पोहोचले दफनानंतर. फुफूंनी उभ्या आयुष्यात गावातले एकही लग्न किंवा मय्यत चुकवली नव्हती.

त्यांच्या परसात एक विहीर आहे. चिऱ्याने बांधलेली, वर आता पालापाचोळा. कुरआनातल्या सूरह हजमध्ये ओस पडलेल्या विहिरीचा उल्लेख येतो. तो वाचताना आम्हाला नेहमी दूरचे एखादे वाळवंट दिसायचे. आता ही विहीर दिसते.

आणखी एक गोष्ट शिक्षक म्हणून टोचते. गावची जिल्हा परिषदेची उर्दू शाळा चालू आहे, पण पट नऊवर आला होता. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याची योजना शासनाने २०२३ मध्ये पुढे आणली. त्यावर बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. पाच वर्षांच्या मुलीला खाडीपलीकडच्या शाळेत कोण पाठवणार? पण शासनाला बोल लावताना हेही बोलले पाहिजे की त्या शाळेतली मुले आम्हीच काढून आणली. आज आमच्या अंधेरीच्या वर्गात कोकणी आडनावाची मुले असतात. घरी आजी कोणत्या बोलीत बोलते हे त्यांना कळते, पण ती बोली त्यांना बोलता येत नाही.

घराचा प्रश्न आमच्याही कुटुंबात निघाला. सातबाऱ्यावर १९ नावे आहेत, त्यांतली चार परदेशात. पुण्याच्या एका गृहस्थांना खाडीकाठची जागा हवी होती, भाव चांगला होता. धाकट्यांचे म्हणणे, विकून टाकू, वाटे करू. शरीयतप्रमाणे बहिणींचाही हिस्सा आहे आणि त्यांतल्या एकीला पैशाची खरी गरज होती. तेव्हा "बापजाद्यांची निशाणी" एवढ्यावर कोणाचे तोंड बंद करणे आम्हाला पटले नाही. पण नुसते कुलूप लावून ठेवणे हा तिसरा मार्गही नव्हे. कोकणात बंद घर फार पावसाळे काढत नाही. कौल सरकते, वासा भिजतो, वाळवी लागते.

जोगेश्वरीत दोन बैठका झाल्या, एक फोनवर, कुवेतच्या वेळेने रात्री उशिरा. शेवटी गरज असलेल्या बहिणीचा हिस्सा आम्ही तिघा भावंडांनी मिळून विकत घेतला. बाकीच्यांनी पाच वर्षे थांबायचे कबूल केले. इमामसाहेब इतकी वर्षे मशिदीच्या बाजूच्या एका खोलीत एकटे राहत होते, कुटुंब बिहारमध्ये. त्यांना घराची किल्ली दिली. भाडे नाही. पावसाआधी कौले परतायची, विहीर उपसायची आणि मे महिन्यात आम्ही आलो की पडवी आम्हाला मोकळी करून द्यायची, एवढेच ठरले. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांची बायको आणि दोन मुली आल्या. शाळेचा पट आता अकरा आहे.