पत्र्याखालचं माळवद

सोलापुरात गाडीला आतून अस्तर लावणं म्हणजे मे महिन्यात स्वेटर घालून फिरणं, असं माझं वर्षानुवर्षांचं ठाम मत होतं. कुणी जुन्या व्हॅनला आतून फोम आणि कार्पेट लावायचा विषय काढला की मी लगेच आडवा यायचो. अस्तर थंड मुलखातल्यांनी लावावं. आपल्याकडं काचा उघड्या असाव्यात, पत्रा उघडा असावा आणि धूळ बसली की पाइप लावून गाडी धुऊन काढावी. हे मत मी आता सोडलं आहे. का सोडलं ते नीट सांगावंसं वाटतं, कारण जुनी व्हॅन दारात असलेली घरं आपल्या जिल्ह्यात अजून पुष्कळ आहेत.

आमची गाडी ओम्नी. मारुतीनं ही व्हॅन १९८४ मध्ये आणली, १९८८ मध्ये तिला ओम्नी हे नाव दिलं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबवलं. शाळेची पोरं, चादरी-टॉवेलचे गठ्ठे, अक्कलकोट-तुळजापूरचं दर्शन, या गाडीनं सगळं ओढलंय. तिचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली असतं. वरून तापलेला पत्रा, खालून इंजिन. आईनं दुपारी या गाडीत बसायचं बंद केलं, तेव्हा मी पहिल्यांदा छताकडं लक्ष देऊन पाहिलं. काचा सगळ्या खाली, गाडी पळतेय, वारा अंगाला लागतोय, तरी तिची टाळू तापलेली असायची. झळ खिडकीतून येत नव्हती, डोक्यावरून येत होती. तापलेला पत्रा जी उष्णता खाली फेकतो, तिच्यापुढं वाऱ्याचं काही चालत नाही.

आणि आपलं ऊनही तसंच आहे. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर, त्यामुळं मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवसांत सर्वांत जास्त मार छताला बसतो. आपल्या जुन्या माणसांना हे पक्कं ठाऊक होतं. मंगळवेढ्याकडं मामाचं माळवदाचं घर आहे. लाकडी तुळया, त्यावर फळ्या-काटक्या, वर पांढऱ्या मातीचा जाडजूड थर आणि उजेडापुरतं एक साणं. बाहेर चाळीसच्या वर पारा असताना त्या घरात दुपारची झोप लागते. शेजारी नव्या पत्र्याच्या खोलीत पंख्याखालीही बसवत नाही. हा फरक लहानपणापासून अंगानं अनुभवलेला, पण गाडीच्या बाबतीत तो माझ्या डोक्यात कधी आला नाही. बर्फाच्या लाद्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आणतात, त्या काही ऊब मिळावी म्हणून नव्हे. अस्तर उष्णता तयार करत नाही, तिची वाट अडवतं. ज्या बाजूला ती जास्त, त्या बाजूला अडवतं.

मग काम घरीच काढलं. छताचं रेक्झिन उतरवल्यावर वर नुसता पातळ पत्रा आणि आडव्या पट्ट्या दिसल्या. कंपनीच्या वेळच्या स्पंजाचा पिवळा भुगा झालेला होता, हात लावला की गळायचा. ओळखीचे एक कुशनवाले चाचा बघायला आले आणि त्यांनी एकच गोष्ट बजावली, ‘आधी गंज काढा, मग बाकीचं बोला.’ ते शंभर टक्के खरं आहे. गंजावर फोम चिकटवला की ओल आतच कोंडते आणि पत्रा बाहेरून दिसायच्या आधी आतून खलास होतो. तारेच्या ब्रशनं घासून, थिनरनं पुसून रेड ऑक्साइड मारला आणि पूर्ण वाळू दिला.

छताला अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा असलेली एक्सएलपीई शीट लावली. आग पटकन न धरणारी म्हणून मागून घ्यायची आणि घरी एक तुकडा अंगणात नेऊन काडीनं तपासायचा. थर्माकोल नको. या कामाच्या गमात तो विरघळतो आणि पेटला तर आवरत नाही. वर्तमानपत्राच्या कागदाचं माप काढून दोन पट्ट्यांमधल्या जागेचा एकेक तुकडा कापला. गम पत्र्यालाही लावायचा आणि शीटलाही. बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबायचं, मगच दाबायचं. एकदा बसला की सरकवता येत नाही. दारं सताड उघडी ठेवायची, कारण वास डोक्यात जातो. चकचकीत बाजू खाली ठेवली आणि रेक्झिन परत ताणताना मधे बोटभर पोकळी सोडली. ही पोकळी नसेल तर त्या चकाकीचा उपयोग नाही. छताला टिचकी मारली की आधी टणटण वाजायचं, आता ठप्प असा बसका आवाज येतो.

बाजूचे पत्रे त्यामानानं सोपे. फक्त दारांच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती बुजवायची नाहीत.

कार्पेटबद्दल माझा विरोध जास्त कडवा होता आणि तोही बराच मावळला. जमिनीवर एसीवाले नळ्यांना गुंडाळतात ती काळी नायट्राइल रबरची शीट अंथरली आणि वर मीटरवर मिळणारं नमद्यासारखं कार्पेट. मंगळवेढ्याच्या रस्त्यावर मागं बसलेल्या माणसाशी आता आवाज न चढवता बोलता येतं. हे सुख मी हिशेबात धरलंच नव्हतं. मात्र जमिनीचं कार्पेट चिकटवू नये, या मतावर मी कायम आहे. आपल्या काळ्या मातीचा चिखल एकदा आत आला की ते उचलून, झटकून, गच्चीवर वाळवताच आलं पाहिजे. आम्ही मापानं कापून नुसतं अंथरलंय.

काचा हा कच्चा दुवा राहतोच. काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये मनाई केली, म्हणून उरलेल्या शीटचे काचांच्या मापाचे तुकडे करून ठेवले आणि गाडी उभी असताना ते लावतो. दिवसभर बंद गाडी उन्हात ठेवली तर ती आतून आजही तापते. निघण्याआधी दारं उघडून कोंडलेली हवा बाहेर काढावीच लागते. पण चालू गाडीत डोक्यावरची ती झळ गेली. आई परवा दुपारी दोनला निघून अक्कलकोटला जाऊन आली.

पुढच्या सीटखालचं काम बाकी आहे. तिथं इंजिन आहे, त्यामुळं फोम किंवा कार्पेट अजिबात चालणार नाही. काचतंतूचं कापड आणि वर पातळ अ‍ॅल्युमिनियम, तेही सीट उचलून ऑइल बघता येईल असं सुटं, हा विचार आहे. होळीच्या आत ते उरकायचंय.