उंचीबाई, तुझी चौकशी आम्ही फार उशिरा करतो

प्रिय उंची,



आमच्या घरांत तुझी आठवण होते ती पोरगं दहावीला पोचल्यावर. मग एकदम धावपळ. दुधात घालायच्या पावडरी, दारातल्या बारला लटकणं, दोरीवरच्या उड्या, शेजारणीच्या भाच्याला म्हणे लागू पडलेल्या गोळ्या. पोलीस भरतीत मुलांना 165 सेंटिमीटर लागतात, मुलींना 155, आणि अर्ध्या सेंटिमीटरसाठी पोरं मैदानावरून परत येतात. (आपला नंबर सकाळी लवकर लागावा असं त्यांना वाटतं, ते उगाच नव्हे. दिवसभराच्या उभ्यानं मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत तू सेंटिमीटरभर उतरतेस.) लग्नाच्या बायोडेटात तर एखादा इंच सर्रास चढवला जातो. एवढा तुझा भाव! पण ज्या वयात तुझा निकाल लागत असतो, त्या वयात आमचं लक्ष भलतीकडेच.

बाळ बघायला आलेली बाई काय विचारते? ‘बाळसं धरलं का? वजन किती भरलं?’ गाल बघते, दंडाच्या वळ्या बघते. ‘लांबी किती?’ असं विचारणारी मला अजून भेटायची आहे.

खरं तर तुझा सगळ्यात मोठा पराक्रम तेव्हाच चालू असतो. जन्मताना बाळ साधारण 50 सेंटिमीटर, वर्षाचं होईतो 75. त्याच वेगानं तू धावत राहिलीस तर पहिलीत बसणारं पोर दोन मीटरचं होईल. पण दुसऱ्या वर्षी तुझा वेग निम्म्यावर येतो, आणि पुढे वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर तू समाधान मानतेस. तरीही दुसऱ्या वाढदिवसाला माणूस त्याच्या पुऱ्या उंचीच्या जवळपास निम्मा झालेला असतो. ही तुझी चाल पहिल्यांदा चिकाटीनं टिपली ती मोंबेयार नावाच्या एका फ्रेंच उमरावानं. 1759 ते 1777 अशी अठरा वर्षं त्यानं आपल्या मुलाला मोजलं. इकडे पानिपत झालं, माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला. तिकडे हा गृहस्थ पोराची मापं लिहून ठेवत होता. निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँनं ते आकडे आपल्या ग्रंथात छापले आणि आजही ते अभ्यासले जातात.

‘आपली चणच लहान’ हे आमचं ठरलेलं उत्तर. आईबापांचा वाटा तुझ्यात मोठा आहे, ते नाकारत नाही. पण लहान मुलांच्या बाबतीत हे उत्तर फार लांब जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत बाळं मोजली. आईचं दूध मिळालेली, आई सिगारेट न ओढणारी, घरात खाण्यापिण्याची ददात नसलेली बाळं निवडली. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीची होती. पाचव्या वर्षापर्यंत या सगळ्यांची लांबी जवळजवळ सारखीच भरली. 2006 पासून जगभर वापरले जाणारे वाढीचे तक्ते याच अभ्यासावर उभे आहेत.

मग तू अडतेस कुठे? बरीचशी पोटात असतानाच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची 3.5 किलोची. गंमत म्हणजे, की दुर्दैव म्हणजे, आपल्या बाळांचं मांस कमी होतं, पण अंगातली चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून मेदयुक्त. पुढच्या मधुमेहाची पेरणी तिथेच होते, असं याज्ञिक सांगतात. आणखी एक गोष्ट त्याच गावांत दिसली: ज्या बायकांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वरचेवर असे, त्यांची बाळं मोठी होती. ताटातली मेथी आणि चाकवत, शेतातून परतलेल्या बाईला घटकाभर पाठ टेकायला मिळणं, हे तुझं खरं टॉनिक. पावडरीच्या डब्यावर ते छापलेलं नसतं.

आता आमची लाज सांगते. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. त्याआधीच्या पाहणीत 34.4 टक्के होती, म्हणजे पाच वर्षांत आम्ही जागचे हललो नाही. आणि हे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. लुकडं मूल ओळखू येतं, खुजं येत नाही. ते हसतं, खेळतं, फक्त तीन वर्षांचं असून दोनाचं वाटतं. वर्गातलं दर तिसरं पोर तसंच असलं की रांग सरळच दिसते.

तुला मोजणं सोपं नाही, हेही कबूल. दोन वर्षांखालच्या मुलाला इन्फंटोमीटरच्या पाटीवर आडवं घालायचं. एकीनं डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना भिडवायची. बाळ तोवर अंगणवाडी डोक्यावर घेतं, गुडघा दुमडतं, आणि एक-दीड सेंटिमीटर तिथेच हरवतो. तेच मूल उभं करून मोजलं तर सुमारे 0.7 सेंटिमीटर कमी भरतं. दोन माणसांचं काम एकटी सेविका उरकते तेव्हा आकडा काहीही येऊ शकतो. वजनकाट्याला हे नखरे नाहीत, म्हणून तो जिंकतो.

वयात येताना तू पुन्हा एकदा उसळतेस. मुलींमध्ये साधारण अकरा-बाराव्या वर्षी, मुलांमध्ये तेरा-चौदाव्या. आधी पावलं वाढतात, मग पाय, धड सगळ्यांत शेवटी. म्हणून ‘वाढत्या अंगाचा’ घेतलेला युनिफॉर्मही सहा महिन्यांत घोट्यावर चढतो. मुलीला पाळी आली की तुझे पाच-सात सेंटिमीटर तेवढे उरलेले असतात. हाडांच्या टोकांशी असलेली कूर्चा, जिथून हाड लांब होतं, ती मग बंद होते. बंद करतं इस्ट्रोजेन, आणि तेही मुलगा-मुलगी दोघांत! 1994 साली अमेरिकेत एका पुरुषाची नोंद झाली: इस्ट्रोजेनचा परिणामच त्याच्या शरीरावर होत नव्हता. अठ्ठाविसाव्या वर्षी तो 204 सेंटिमीटरचा होता आणि अजून वाढत होता. बाकीच्यांच्या कूर्चेची दारं बंद झाली आहेत का, हे डाव्या हाताच्या एक्स-रेवरून कळतं. बंद असतील तर पावडर, बार, दोरी, सगळं तुझ्यापुरतं व्यर्थ. थायरॉइड किंवा वाढीच्या संप्रेरकाची कमतरता यांवर इलाज आहे, पण तो वेळेत पोचला तरच.

म्हातारपणाचं थोडक्यात. चाळिशीनंतर दर दशकाला सेंटिमीटरभर तू काढता पाय घेतेस, सत्तरीनंतर जरा घाईनं. आजीला पोक आलं म्हणून आम्ही हसण्यावारी नेतो. थोड्या दिवसांत तीन-चार सेंटिमीटर गेले असतील तर मणका खचला असेल, तिला डॉक्टरकडे न्यायला हवं.

तुझ्याकडे माझी तक्रार नाही. जिथे मिळालं तिथे तू वाढलीस. विनंती आहे ती हे पत्र वाचणाऱ्या आईबापांना: पुढच्या लसीकरणाला बाळाचं वजन झालं की उठू नका. लांबी मोजायला सांगा, डोकं स्वतः धरा, आणि आकडा कार्डावर लिहून घेतल्याशिवाय घरी येऊ नका.