नांगरलेला ठिपका

भिंगारात टँकर म्हटलं की पाण्याचा. आणि टँक म्हटलं की रणगाडा, कारण गावाला लष्करी छावणीचा शेजार. समुद्र इथून अडीचशे किलोमीटर. अशा गावात आमच्या घरी गेली काही वर्षं रोज सकाळी चहाबरोबर एका समुद्रावरच्या टँकरची चौकशी होते, हे शेजाऱ्यांना सांगूनही खरं वाटत नाही.

माझ्या पुतणीचा, सुजाताचा मुलगा ओंकार मर्चंट नेव्हीत आहे. हे आमच्या नातलग वाचकांना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगितलं. तो थर्ड ऑफिसर झाला आणि त्याला गॅसवाहू जहाज मिळालं. गॅस म्हणजे आपल्या स्वयंपाकाचाच, पण जहाजावर तो थंड करून द्रवरूपात नेतात. प्रोपेन उणे ४२ अंशांला द्रव होतो. जहाज सव्वादोनशे मीटर लांब, एका खेपेला सुमारे ४५ हजार टन माल. मी जुन्या सवयीने कागद घेऊन भागाकार केला. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, म्हणजे एका खेपेत एकतीस लाखांहून जास्त सिलिंडर झाले. आपल्या नगर-पुणे रस्त्यावर शिक्रापूरला गॅस भरायचा प्रकल्प आहे, तिथवर उरणहून जमिनीखालून वाहिनी आलेली आहे. तेव्हा समुद्र आपल्याला वाटतो तेवढा लांब नाही!

ओंकारने जाताना आईच्या फोनवर जहाजं दिसणारं एक अ‍ॅप घालून दिलं. माझ्याही दिलं. प्रत्येक मोठ्या जहाजावर एआयएस नावाचं यंत्र असतं. जहाजाचं नाव, जागा, दिशा, वेग ते रेडिओवरून सतत सांगत राहतं. मुळात ते जहाजांनी एकमेकांना टाळावं म्हणून आहे, आयांसाठी नाही. पण किनाऱ्यावरच्या अँटेना ते ऐकतात आणि मग ते आपल्या फोनवर दिसतं. टँकर लाल रंगाचे. चालत असला की बाण, थांबला की ठिपका.

त्या पहिल्या खेपेत, म्हणजे २०२२-२३ साली, जहाज रास लफान किंवा रुवैसला गॅस भरायचं, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून बाहेर पडायचं आणि मंगळूर नाहीतर विशाखापट्टणमला रिकामं व्हायचं. होर्मुझ मी वर्षानुवर्षं नकाशावर छडीने दाखवलं होतं. आता तिथून आमचा मुलगा जाताना रात्री जागं राहून बघू लागलो. सुजाताचा अभ्यास तर माझ्याही पुढे गेला. जहाज पाण्यात किती खोल बुडालंय तो आकडाही तिथे येतो. त्यावरून "काका, आज भरलेलं आहे हो," असं ती मला फोनवर सांगायची. भर समुद्रात किनाऱ्यावरच्या अँटेनांना जहाज ऐकू येत नाही. मग बाण दोन-तीन दिवस नाहीसा व्हायचा. ते दिवस तिला नको वाटायचे. मंगळूरजवळ बाण परत उगवला की तिच्याकडे हमखास शिरा.

तिची भीती काही मनाची नव्हती. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा कलंडलेलं चित्रा आणि पाण्यात पडलेले कंटेनर आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. आणि २८ जानेवारी २०१७ च्या पहाटे चेन्नईजवळ एन्नोर बंदराबाहेर जी दोन जहाजं आपटली त्यातलं एक, 'बीडब्ल्यू मेपल', ओंकारच्या जहाजासारखंच गॅसवाहू. दुसरं 'डॉन कांचीपुरम' तेल घेऊन येत होतं. गॅसचं काही झालं नाही, पण तेलाचा काळा राडा लोक किनाऱ्यावर बादल्यांनी उपसत होते. या सगळ्या टकरी चालत्या जहाजांच्या. त्यामुळे सुजाताने मनाशी एक हिशोब बांधला होता... बाण असला की काळजी, ठिपका असला की निवांत. बंदरात जागा मिळेपर्यंत जहाज बाहेर नांगर टाकून आठ-आठ दिवस उभं असायचं. ते तिच्या झोपेचे दिवस.

टक्कर झाली ती नेमकी अशाच दिवसांत. आखातातल्या एका बंदराबाहेर, नांगरावर. बंदराचं आणि जहाजांचं नाव लिहीत नाही, मुलाची नोकरी आहे. रात्री आठ ते बाराचा वॉच ओंकारचा. वारा वाढला होता. जवळच एक रिकामं जहाज उभं होतं. रिकामं जहाज पाण्यावर उंच असतं, वाऱ्याला भिंत मिळाल्यासारखं होतं. त्याचा नांगर तळ सोडून फरफटू लागला आणि ते हळूहळू यांच्या अंगावर यायला लागलं.

मी विचारलं, "अरे, मग तुम्ही बाजूला का नाही झालात?" प्रश्न बावळट वाटेल, पण त्याने नीट समजावलं. जहाजाला नुसता नांगर धरून ठेवत नाही, तळाशी पसरलेल्या साखळीचं वजन धरून ठेवतं. साखळी शॅकलमधे मोजतात, एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर. त्यांचे आठ शॅकल पाण्यात होते, म्हणजे दोनशे वीस मीटर. ती साखळी ओढून घ्यायला यंत्र मिनिटाला नऊ-दहा मीटर चालतं. म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं गेलीच. शिवाय मुख्य इंजिन तयार व्हायला वेळ. "आजोबा, नांगरावर असणं म्हणजे दाव्याला बांधलेलं असणं. समोरचा येताना दिसतो, आपण हाका मारायच्या." त्याने हाका मारल्या. व्हीएचएफवर, भोंग्याचे पाच छोटे आवाज देऊन, दिव्याने. कॅप्टनला उठवलं, इंजिन तयार करायला सांगितलं. त्या जहाजावरून उत्तर आलं तेव्हा उशीर झाला होता. ते यांच्या नाकाडाला घासत गेलं, कठडे वाकले, पत्र्याला पोक आला. गॅसच्या टाक्या आत वेगळ्या असतात, त्यांना धक्का लागला नाही. माणसं सगळी सुखरूप.

तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. सुजाता गाढ झोपलेली. सकाळी तिने आणि मी, दोघांनीही फोन उघडला तर लाल ठिपका जागच्या जागी! "आहे तिथेच आहे," असं तिनं मला सांगितलं. आम्हाला कळलं ते दोन दिवसांनी, ओंकारचा फोन आला तेव्हा. तोही आधी हवापाणी बोलला, जेवणाबद्दल बोलला. मग हळूच म्हणाला, "जरा घासाघाशी झाली."

सुट्टीवर आला तेव्हा भिंगारला दोन दिवस राहिला. त्याची एक वही पाहिली. त्या रात्रीची प्रत्येक गोष्ट मिनिटासकट लिहिलेली. पहिली हाक किती वाजता, कॅप्टनला कधी उठवलं, वारा किती. मी म्हटलं, लॉगबुक असतं ना, मग ही वही कशाला? तो म्हणाला, "हेबेई स्पिरिट, आजोबा. आम्हाला ते नाव कॉलेजातच पाठ होतं."

ही गोष्ट मला माहीत नव्हती, म्हणून शोधून वाचली. ७ डिसेंबर २००७. दक्षिण कोरियाच्या तेआन किनाऱ्यासमोर 'हेबेई स्पिरिट' हा कच्च्या तेलाचा प्रचंड टँकर नांगरावर उभा होता. खवळलेल्या समुद्रात क्रेन असलेला एक बार्ज ओढून नेत होते. त्याचा दोर तुटला आणि बार्ज येऊन टँकरवर आदळला. तीन टाक्या फुटल्या, साडेदहा हजार टनांच्या आसपास तेल समुद्रात गेलं. कोरियातली ती सर्वांत मोठी तेलगळती. मासेमार आणि कालवं पिकवणारे उघड्यावर आले, लाखो माणसं हातांनी दगड पुसायला किनाऱ्यावर उतरली. त्या लोकांचा संताप मला समजतो. पण तो जाऊन पडला कोणावर? टँकरचे कॅप्टन जसप्रीत चावला आणि चीफ ऑफिसर श्याम चेतन, दोघे आपले भारतीय. जून २००८ मधे कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं, तरी देश सोडू दिला नाही. डिसेंबरमधे वरच्या कोर्टाने फिरवलं. टक्कर टाळायला आणि तेल थांबवायला तुम्ही पुरेसं केलं नाहीत म्हणून दोघांना तुरुंगात पाठवलं. जगभरच्या खलाशी संघटनांनी निषेध केला. जानेवारी २००९ मधे जामीन, एप्रिलमधे सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगवास रद्द केला आणि जूनमधे ते घरी आले. दीड वर्ष! उभ्या जहाजावर दुसरं येऊन आदळलं त्याबद्दल.

मला हा न्याय पटलेला नाही. ज्याच्या पायात दोनशे मीटर साखळी आहे त्याला पळाला का नाहीस म्हणून विचारायचं... असो. ओंकारची वही मात्र पटली. त्याच्या चौकशीत ती कामाला आली, त्याच्यावर ठपका आला नाही. सुजाताला मी हे चावला-चेतन प्रकरण सांगू का नको अशा विचारात होतो. तिने आपणहून ते वाचून काढलं होतं. मला म्हणाली, "काका, तुम्हाला कळलं तर तुम्ही झोपणार नाही म्हणून बोलले नाही."

आता ओंकार दुसऱ्या जहाजावर आहे, सेकंड ऑफिसर म्हणून. रात्री बारा ते चारचा वॉच त्याचा. सुजाताने फोनवर वाऱ्याचा नकाशा दाखवणारं आणखी एक पान शोधून ठेवलंय. जहाज नांगरावर उभं राहिलं की ती आधी वारा बघते, मग शेजारी कोणाचे ठिपके किती लांब आहेत ते बोटाने मोजते. परवा त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. जेवलास का वगैरे झाल्यावर तिने विचारलं, "किती शॅकल टाकलेत रे?"

पलीकडून थोडा वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाला, "नऊ, आई."

"बरं," म्हणाली, आणि फोन माझ्याकडे दिला.