चाकाची टोपी

मागच्या वर्षी माझी कविता संपादकांनी 'साभार परत' केली. तेव्हाच ठरवलं, मेकॅनिकलच्या पोरानं मेकॅनिकलचंच लिहावं. विषय साधा आहे. गाडीच्या चाकावर चंदेरी प्लास्टिकची थाळी असते ना, ती. दुकानदार तिला व्हील कॅप म्हणतो, आमच्या फाट्यावरचे पंक्चरवाले काका नुसती 'टोपी' म्हणतात. अँबॅसिडर-पद्मिनीच्या काळात ती पत्र्याची असायची. आता प्लास्टिकची. लोखंडी रिम झाकायची, नटांवर थेट चिखल बसू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. नसली तरी गाडी चालते. निसटली तर काय होतं, ते मात्र मी पाहिलंय.

२०२३ चा दसरा. मी पहिल्या वर्षाला होतो. अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली सेकंड हँड गाडी धुवायचं काम माझ्याकडे आलं. झेंडूची माळ घालायची तर चाकंही चकाचक हवीत! पुढच्या डाव्या चाकाची टोपी काढायला मी स्क्रू-ड्रायव्हर घातला आणि एकाच जागी जोर लावला. कट् कट्! मागच्या सहा क्लिपांपैकी दोन तुटल्या, त्याही शेजारशेजारच्या. अण्णा आत पूजेची तयारी करत होते. मी पळत जाऊन किराणा दुकानातून झटपट चिकटणारा गोंद आणला, तुकडे चिकटवले, टोपी ठोकून बसवली. बाहेरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. (वर्कशॉपच्या जॉबला फाईल मारून फट लपवणाऱ्यांना हा आनंद माहीत असेल.)

मी होस्टेलवर परतलो. आठवड्याभरात नेमकं तेच चाक पंक्चर झालं आणि फाट्यावरच्या काकांनी ते काढलं.

दिवाळीच्या सुट्टीला अण्णा मला न्यायला पुण्याला आले. खंबाटकी चढून आम्ही पलीकडे उतरत होतो. वळणावर खाडकन् आवाज आला आणि आमची टोपी आमच्याच पुढे पळताना दिसली! डावीकडच्या कठड्यावर आपटून ती उलटी रस्त्यावर आली. घाट तेव्हा एकेरी होता म्हणून समोरून कुणी नव्हतं, पण मागून मोटरसायकल येत होती. मागच्या सीटवर बाई, बाईच्या मांडीवर टोपरं घातलेलं बाळ. त्या माणसानं गाडी अशी वाकवली की त्याची चप्पल रस्त्याला घासत गेली. पडले नाहीत. तो थांबला, अण्णांना नको नको ते बोलला, आणि अण्णा, ज्यांनी पस्तीस वर्षं शाळेत कुणाचं ऐकून घेतलं नाही, ते हात जोडून उभे राहिले.

मी गटारातून टोपी शोधून आणली. दोन क्लिपा नव्हत्या. मी गप्प.

गावात शिरायच्या आधी अण्णांनी गाडी फाट्यावर वळवली. "टोपी धड बसवता येत नाही? आज एक लेकरू गेलं असतं!" चार माणसांसमोर. काकांनी टोपी हातात घेतली, उलटी केली, मोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग एकदा माझ्याकडे बघितलं. "चुकलं गुरुजी," एवढंच म्हणाले. भिंतीवर टांगलेल्या जुन्या टोप्यांतली एक काढली, मागचा १२ चा आकडा बघितला आणि फुकट बसवून दिली. नक्षी वेगळी होती. आजही आमच्या गाडीचं ते एक चाक वेगळंच दिसतं.

त्या दिवशी त्यांनी जे केलं ते मी मान खाली घालून पाहिलं, आणि आज कुणी विचारलं तर तेच सांगतो. आधी रिमचा गंज आणि चिखल तारेच्या ब्रशनं काढला, कारण क्लिपा रिमच्या ज्या कडेत अडकतात तिथे माती असली की पकड अर्धीच लागते. टोपीच्या मागे स्प्रिंगच्या तारेची रिंग असते, ती क्लिपांना बाहेर दाबून धरते. त्या रिंगला एका जागी बाक असतो, तिथेच हवेचा व्हॉल्व्ह यायला हवा, नाहीतर टोपी सरळ बसतच नाही. मग तळहातानं समोरासमोर दाबत गेले, नट आवळतात तसं. "टोपी मारायची न्हाय, बसवायची," म्हणाले. शेवटी तीन काळे केबल टाय, टोपीच्या आणि रिमच्या भोकांतून, व्हॉल्व्ह सोडून. शेपट्या मुळापासून छाटल्या आणि चाक जॅकवर फिरवून ब्रेकला कुठे घासत नाही ना ते बघितलं. तारेनं बांधू नये, ती प्लास्टिकला कापत जाते. टाय हा फक्त आधार, खरी पकड क्लिपांची. आणि टाय बांधले की गाडीत कटर हवाच, नाहीतर रस्त्यात पंक्चर झाल्यावर दातानं तोडत बसा.

दुसऱ्या वर्षी रूमवर डायनॅमिक्सचं जर्नल उतरवताना मी उगाच गणित मांडलं. ताशी ८० चा वेग म्हणजे सेकंदाला २२ मीटर. आमच्या टायरची त्रिज्या सुमारे २७ सेंटिमीटर, म्हणजे चाक सेकंदाला १३ फेरे मारतं. टोपीची कड मध्यापासून १५ सेंटिमीटरवर धरली तर तिथलं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या शंभरपट येतं. कडेला १० ग्रॅम चिखल चिकटला तर तो किलोभर वजनासारखा बाहेर ओढतो! घाटात आम्ही पन्नासवर होतो, तरी चाळीसपट. सहाही क्लिपा शाबूत असतील तर टोपी मध्यावर राहते. एका बाजूच्या दोन गेल्या की ती डुगडुगायला लागते. त्यात वळणावर लोखंडी रिम किंचित लवतो आणि उतारावर ब्रेकची उष्णता असतेच. माझा गोंद घाटापर्यंत टिकला हेच नवल. रूम-पार्टनर म्हणाला, "एवढं गणित परीक्षेत केलं असतंस तर केटी लागली नसती." त्याला काय सांगणार, हे गणित कशासाठी चाललंय ते.

या मे महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा एकटाच फाट्यावर गेलो. काका ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांनी वरही पाहिलं नाही.

"म्हाईत हाय की. गोंद दिसला व्हता."

"मग तेव्हा बोलला का नाही?"

"तुमच्या घरातलं भांडन माज्या दुकानात कशाला?" बुडबुडा सापडला. त्यांनी तिथे खडूची खूण केली. "आन् गुरुजी अजून येत्यात माज्याकडं हवा भरायला. पर पयल्यासारकं बसत न्हाईत. च्या घ्या म्हनलं तर घाईत असत्यात."

अण्णांना अजून काही माहीत नाही. दरवर्षी हा अंक मी घरी नेतो. अण्णा चष्मा लावून, लाल पेन हातात घेऊन तो पहिल्या पानापासून वाचतात, शुद्धलेखन तपासत. मराठी विभाग तर एक ओळही सोडत नाहीत.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी